जव्हार बोलतोय

वांगी घ्यायची असली तरी आमचे घरमालक आधी घसा खाकरत. मग उजेड आपल्या तोंडावर पडेल असे वांगीवालीसमोर उभे राहत आणि म्हणत, "वांगी. अर्धा किलो. भरायची आहेत. लहान द्या." प्रत्येक तुकड्यानंतर थांबत. शेवटी विचारत, "काय देणार?" तिनं "अर्धा किलो, लहान, भरायची" असं म्हणून दाखवल्याखेरीज पिशवी पुढे करत नसत. मागे चार गिऱ्हाइकं खोळंबलेली असत. वांगीवाली रोजची, ती त्यांना लांबून पाहिलं की आपणच ओरडायची, "अर्धा किलो, लहान, भरायची!" यावर ते गंभीरपणे सांगत, "आज भेंडी."

जव्हारात त्यांना तोंडावर चाचा आणि माघारी ट्रंककॉल म्हणत. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून त्यांची उभी हयात गेली. त्या काळी नंबर फिरवून फोन लागत नसे. आपल्या ऑपरेटरला सांगायचं, तो पुढच्याला सांगणार, आणि मोखाड्याहून निघालेला आवाज तारा, खांब, झाडं, वारा यांतून गाळून निघून ठाण्याला पोचायचा तेव्हा त्यात जेमतेम जीव उरलेला असे. बऱ्याचदा दोन्हीकडच्या माणसांना एकमेकांचं काही कळत नसे. मग मधला ऑपरेटर निरोप आपण घेई आणि आपण पुढे सांगे. या कामात चाचांनी बोलण्याची एक पद्धत बसवली होती. पुढे आपोआप लागणारे फोन आले, गल्लीच्या तोंडाशी पिवळ्या पाटीचं एसटीडी बूथ आलं, चाचा निवृत्त झाले. पद्धत मात्र निवृत्त झाली नाही.

पद्धत अशी. चालता चालता बोलायचं नाही, बोलायचं तर थांबायचं, मग रस्त्याच्या मधोमध का होईना. तोंडात घास असताना बोलायचं नाही. एका खोलीतून दुसऱ्या खोलीत बोलायचं नाही. आधी कोण बोलतंय ते, मग विषय, मग मजकूर. मजकुराचे तुकडे पाडायचे. वाक्याचं शेपूट गिळायचं नाही. आणि सगळ्यात मुख्य, निरोप सांगून संपत नाही, ऐकणाऱ्यानं तो परत म्हणून दाखवला की संपतो. दूधवाल्यानं परत म्हणायचं, इस्त्रीवाल्यानं परत म्हणायचं, आणि ईदला घरी आलेल्या पाहुण्यांनीसुद्धा आपण पुन्हा कधी येणार ते परत म्हणायचं.

मी त्यांच्या मागच्या दोन खोल्यांत भाड्यानं राहायचे. जामसरच्या बाजूला एका पाड्यावरच्या शाळेत तिसरीच्या वर्गावर होते. सकाळी जीपनं जायचं, दुपारी उतरून यायचं. चाचांची जव्हारातली सगळ्यात चांगली नक्कल मी करायचे, हे आता कबूल करायला हरकत नाही. शाळेत डबा खाताना मी उभी राहून, मान डावीकडे कलती ठेवून म्हणायची, "जव्हार बोलतोय. विषय लोणचं. कैरीचं. मला द्या." बाकीच्या बाया हसून लोळायच्या. मान कलती ठेवायची कारण वर्षानुवर्षं हेडफोन लावून चाचांची मानच तशी झाली होती. त्यांचा डावा कान उजव्यापेक्षा चपटाही होता.

त्यांच्या बायकोचं, चाचींचं बोलणं मात्र अगदी उलटं. जात्यातून पीठ पडावं तसं ते सगळीकडून एकदम पडायचं. अर्धं मराठी, अर्धं हिंदी, तोंडात सुपारी, हातात काम, पाठ आपल्याकडे. नवऱ्याच्या पद्धतीवर त्यांचा भारी राग होता. "घरात काय ट्रंककॉल लावायचा?" असं त्या फणकारायच्या. मला मूळ भांडण चाचांनीच सांगितलं होतं. लग्नानंतर पहिल्यांदा बोलायची वेळ आली तेव्हा चाचांनी घसा खाकरून आपलं पूर्ण नाव सांगितलं, बापाच्या नावासकट, आणि नव्या नवरीला म्हणाले, "परत म्हणा." आता नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही हे चाचींच्या आईनं त्यांना कानीकपाळी सांगून पाठवलेलं. त्यांनी नाव घेतलं नाही. त्या दिवशी नाही आणि पुढे चाळीस वर्षांत नाही. "ते" म्हणायच्या, "अहो ऐकलं का" म्हणायच्या, मुलीचे अब्बा म्हणायच्या. चाचा मला सांगत, "बाई, आमचा एक कॉल पेंडिंग आहे."

तर मी अशी नकला करत मजेत होते, आणि मला मेंदूज्वर झाला. जिवावरचं कानांवर निभावलं. इस्पितळात डोळे उघडले तेव्हा नर्सचं तोंड हलत होतं आणि आवाज नव्हता. मला वाटलं, हिला घसा बसलाय. दोन दिवसांनी कळलं की बसलेत ते माझे कान.

त्यानंतरचं एक वर्ष मी सांगत नाही. धाकट्या भावानं खटपट करून मुंबईत माझं ऑपरेशन करवलं, कॉक्लिअर इम्प्लांट म्हणतात ते. कवटीच्या आत एक यंत्र, बाहेर कानामागे केसांत चिकटणारी चकती, तिची वायर कमरेच्या डबीत. पहिल्यांदा ते चालू केलं तेव्हा मला आवाज आला आणि मी घाबरले. तो माणसाचा नव्हता. सगळी माणसं एकाच पत्र्याच्या डब्यातून बोलत होती. बाई कोण, पुरुष कोण, दार वाजलं की कोणी हाक मारली, काही उमगत नव्हतं. आवाज ऐकू येणं आणि बोलणं कळणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे मला तोवर ठाऊकच नव्हतं. डॉक्टर म्हणाले, सवय होईल, वेळ लागेल. पण वेळ तर नव्हता. माझी रजा संपत आली होती. पंचायत समितीतल्या साहेबांनी भावाला सांगितलं होतं की बाईंनी हजर व्हावं, महिन्याभरानं आम्ही येऊन वर्ग बघू. मुलांचं बोलणं कळत असेल तर ठीक, नसेल तर मोखाड्याला ऑफिसात फाइली लावायचं काम देऊ. फाइलींवर माझा राग नाही. पण मला वर्ग हवा होता. दुसरं काही मला येत नव्हतं आणि दुसरं काही मला आवडतही नव्हतं.

मी जव्हारला परतले त्या दुपारी सगळी गल्ली माझ्या खोलीत आली. आणि सगळी ओरडत होती. बहिऱ्या माणसाशी ओरडून बोलायचं असतं हे कोणालाही शिकवावं लागत नाही. ओरडलं की माझ्या डबीतून नुसता खरखराट यायचा. भाऊ ओरडत नव्हता. त्याला मुंबईच्या तज्ज्ञ बाईंनी "सावकाश बोला" असं बजावलं होतं, म्हणून तो "ता. ई. पा. णी. ह. वं. का" असं एकेक अक्षर उपटून माझ्यापुढे ठेवत होता. तेही कळत नव्हतं. शेजारी चाचांच्या भावाचं पत्र्याच्या बादल्यांचं दुकान, तिथली ठोकाठोक वेगळीच. मी सगळ्यांकडे बघून मान हलवत होते, हो, हो, हो.

सगळ्यात शेवटी चाचा आले. आधी दारातूनच दुकानाकडे तळहात उभा केला, तशी ठोकाठोक थांबली. मग खिडकीपाशी उजेडात उभे राहिले. घसा खाकरला.

"जव्हार बोलतोय," ते म्हणाले. थांबले. "विषय चहा." थांबले. "चहा घेणार का, बाई?"

मला कळलं. अख्खं वाक्य कळलं. यंत्र तेच, पत्र्याचा डबा तोच, पण त्यातून शब्द आले, एकामागून एक, प्रत्येकाच्या कडा शाबूत. मी त्यांच्याकडे बघत राहिले.

"काय विचारलं मी?" चाचांनी विचारलं.

"चहा घेणार का, विचारलंत," मी म्हणाले, आणि मला रडू फुटलं. ज्या माणसाच्या नकला करून मी लोणचं मिळवलं होतं, त्याच्या त्याच बोलण्यानं मला पहिलं वाक्य दिलं होतं. लाज वाटली आणि आनंदही झाला.

चाचांना त्यात नवल काहीच वाटलं नाही. ते म्हणाले, "बाई, तुमच्या कानात खराब लाईन बसवली आहे. एवढंच झालंय. लाईन खराब असली की काम ऑपरेटरचं असतं, गिऱ्हाइकाचं नाही." मग माझ्या भावाकडे वळले आणि त्याला फैलावर घेतलं. "ओरडलं की लाईन फाटते. अक्षर तोडलं की शब्द मरतो. तोडायचं ते वाक्याच्या सांध्यावर. कोंबडी कापताना सांधा बघता ना? तसं." भाऊ शाकाहारी होता, पण त्याला पटलं.

दुसऱ्या दिवसापासून चाचांनी मला हाताशी धरलं. रोज दुपारी ओट्यावर बसून ते वर्तमानपत्र वाचून दाखवत आणि मी परत म्हणायची. चौथ्या-पाचव्या दिवशी मी कंटाळून नुसती मान हलवायला लागले. चाचांचा आवाज तसाच चालू होता. जरा वेळानं ते थांबले.

"मी काय म्हणालो?"

"तेच ते, धरणाचं," मी म्हणाले.

"मी म्हणालो, बाई, तुमच्या डोक्यावर घूस बसली आहे. तुम्ही हो म्हणालात. मग म्हणालो, तिला पिल्लं झाली आहेत. त्यालाही हो."

मी हसले. ते हसले नाहीत. इतकं रागावलेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. "खोटा हो म्हणायचा नाही," ते म्हणाले. "एक्स्चेंजमध्ये खोटा हो म्हणणारा माणूस मी कामावर ठेवू दिला नाही. नाही कळलं तर 'परत' म्हणा. दहा वेळा म्हणा. लाज त्याला वाटू दे, ज्याला नीट सांगता येत नाही." मग त्यांनी मला एक गोष्ट सांगितली. मोखाड्याच्या एका पाड्यावरचा माणूस ठाण्याला कारखान्यात कामाला होता. त्याची आई वारली. कारखान्याच्या मुकादमानं फोन घेतला आणि "सांगतो, सांगतो" म्हणून ठेवायला लागला. चाचांनी ठेवू दिला नाही. त्या माणसालाच बोलवायला लावलं. त्याला तुकडे पाडून सांगितलं आणि "परत म्हणा" म्हणाले. तो गप्प. मुकादम मागून शिव्या घालतोय, पुढचे कॉल तुंबलेत. चाचा थांबले. शेवटी तो म्हणाला, "माझी आय मेली." तेव्हा चाचांनी "पोचला" म्हटलं आणि लाईन सोडली.

"हे फार क्रूर झालं," मी म्हणाले.

"लोक तसंच म्हणाले. पण बाई, निरोप अर्धा पोचला तर माणूस अर्धाच रडतो. उरलेलं पुढे कुठेतरी, एकट्यानं. मी लाईनवर होतो ना तेव्हा."

चाचांचं सगळंच गोड होतं असं नाही. त्यांना कुजबुजता येत नसे, त्यामुळे माझ्या रजेचं, माझ्या औषधांचं आणि मला सांगून आलेल्या एका बिजवराचंही सगळ्या गल्लीला स्पष्ट, तुकडे पाडून कळलं. विनोद तर त्यांनी सांगूच नये. आणि चाची काही बधल्या नाहीत. त्या माझ्याशी बोलत, मला ओ की ठो कळत नसे, त्या हात उडवून नवऱ्याकडे बघत, आणि चाचा मला सांगत, "चाची विचारतात. कालची भाजी. आवडली का." मी उत्तर देई. एका ओट्यावर बसलेल्या आम्ही दोघी, आणि आमच्या मधे हे एक्स्चेंज. चाचा त्यांना म्हणत, "तू स्वतः बोल ना बाईंशी." त्यावर चाची जे काय म्हणत त्याचा निरोप चाचा मला देत नसत.

शाळेत हजर झाले तेव्हा मात्र माझं धाबं दणाणलं. माझ्या वर्गातली मुलं आदिवासी, वारली आणि कोकणा घरांतली. बाईंशी पुस्तकातलं मराठी बोलायचं म्हटलं की त्यांचा आवाज आधीच अर्धा व्हायचा, तोंडावर हात जायचा, वाक्याचं शेपूट पोटात. पूर्वी मी ते सवयीनं जुळवून घ्यायची. आता बावीस तोंडं हलत होती आणि माझ्या डबीत नुसती खळबळ. घरी येऊन मी चाचांना म्हणाले, "मी मोखाड्याला जाते. लावीन फाइली."

दुसऱ्या दिवशी चाचा माझ्याबरोबर जीपमध्ये बसले. हातात पिशवी. वर्गात गेल्यावर त्यांनी पिशवीतून मोडीत निघालेल्या टेलिफोनचा काळा रिसीव्हर काढला, तुटक्या वायरीसकट, आणि टेबलावर ठेवला. मुलं श्वास रोखून बघत होती. त्यांतल्या बहुतेकांनी फोन लांबूनच पाहिला होता.

"ज्याला बाईंशी बोलायचं," चाचा म्हणाले, "त्यानं लाईनवर यायचं. आधी नाव. मग विषय. मग मजकूर. बाईंनी परत म्हटल्याशिवाय लाईन सोडायची नाही."

एक मुलगी उठली. रिसीव्हर कानाला लावला आणि पुस्तकातलं काहीतरी पुटपुटली. चाचांनी नकारार्थी मान हलवली. "घरी आईशी बोलतेस तसं बोल. तुझ्या बोलीत. फक्त सांध्यावर थांब."

तिनं माझ्याकडे बघितलं. "बाय," ती म्हणाली. थांबली. "विषय पाणी." थांबली. "मना तहान लागली."

"तुला तहान लागली," मी म्हणाले.

ती इतकी खूश झाली की पाणी प्यायला जायचं विसरूनच गेली. मग रांग लागली. पंधरा दिवसांत रिसीव्हर हातात न घेताही मुलं तशी बोलायला लागली. एकमेकांशी भांडतानासुद्धा, "विषय पेन्सिल. माझी. तू घेतलीस. परत म्हण." वर्गातला गोंगाट निम्म्यावर आला, कारण दुसरा परत म्हणेपर्यंत थांबावं लागायचं.

साहेब आले ते सांगितलेल्या दिवसाच्या आदल्या दिवशी. चाचा तेव्हा जव्हारला होते. साहेबांना मिशा होत्या, तोंडात काहीतरी होतं आणि कागदात बघून बोलायची सवय होती. ते वर्गात फिरत राहिले. मी फळ्यावर गणित लिहीत होते. अचानक मुलांच्या नजरा माझ्यावरून उडाल्या आणि माझ्या पाठीमागे गेल्या. वळून पाहिलं तर साहेब माझ्या मागे उभे, तोंडावर कागद, आणि माझ्याकडे बघताहेत. म्हणजे त्यांनी काहीतरी विचारलं होतं. पाठीमागून, मुद्दाम, परीक्षा म्हणून.

जुन्या सवयीनं माझी मान हलायला लागली होती. 'हो' तोंडाशी आला होता. मला ती घूस आठवली.

मी टेबलाशी गेले, रिसीव्हर उचलला आणि साहेबांपुढे धरला. "साहेब," मी म्हणाले, "परत. पाठीमागून बोललेलं मला पोचत नाही. लाईनवर या."

साहेबांचा चेहरा लाल झाला. ही बाई माझी थट्टा करते आहे की काय, असं त्यांना वाटत असणार. पण पुढे आलेला फोन घ्यायचा नाही हे माणसाच्या हातांना जमत नाही. त्यांनी रिसीव्हर घेतला. घेतल्याबरोबर ताठ झाले, तोंडातलं खिडकीबाहेर टाकून आले, माझ्याकडे तोंड केलं आणि म्हणाले, "हॅलो." मग, कोणी न शिकवता, "मी पंचायत समितीतून बोलतोय. या वर्गाचा पट किती आहे?"

"वर्गाचा पट किती, असं विचारलंत," मी म्हणाले. "बावीस. आज एकवीस हजर. एक मामाकडे गेलाय."

साहेबांनी आणखी पाच-सहा प्रश्न विचारले, सगळे रिसीव्हर कानाला धरूनच. मग त्यांनी मुलांना प्रश्न विचारायला लावले आणि मी उत्तरं दिली. जाताना रिसीव्हर टेबलावर ठेवायला गेले तर पहिल्या बाकावरची ती पाणीवाली मुलगी उठून म्हणाली, "साहेब, बायनी परत नाय म्हणलं. लाईन नका सोडू." साहेब थांबले. म्हणाले, "बाई, वर्ग तुमच्याकडेच राहील."

"वर्ग माझ्याकडेच राहील," मी म्हणाले. मला ते आणखी दहा वेळा म्हणायला चाललं असतं.

घरी येऊन चाचांना सांगितलं. त्यांनी सगळं दोनदा वदवून घेतलं आणि म्हणाले, "पोचला." बस एवढंच. पण त्या संध्याकाळी त्यांनी भावाच्या दुकानातली ठोकाठोक तासभर बंद ठेवली. भाऊ कारण विचारत होता, तेही सांगितलं नाही.

त्यानंतर सहा-सात वर्षं मी त्या खोल्यांत राहिले. माझा कान सुधारला. पत्र्याच्या डब्यातून हळूहळू माणसं वेगळी झाली, ज्याची त्याची झाली. पण चाचींचं बोलणं मला शेवटपर्यंत चाचांच्या तोंडूनच कळलं.

एका गुरुवारी मी शाळेतून परत आले तर गल्लीत माणसंच माणसं. दुकान बंद. मला बघून चार जण पुढे आले आणि चौघंही एकदम बोलायला लागले. कोणी माझ्या कानाशी ओरडलं, कोणी ओठ ताणून दाखवले. कोणाच्या डोळ्यांना पाणी होतं. मला काही कळलं नाही, आणि खरं सांगायचं तर मला कळून घ्यायचं नव्हतं. मी मान हलवत होते. हो, हो.

आत बायका बसल्या होत्या. त्यांच्यात चाची. त्यांनी मला बघितलं, उठल्या, आणि माझा दंड धरून मला खिडकीपाशी नेलं. माझी पाठ उजेडाकडे केली आणि आपण उजेडाकडे तोंड करून उभ्या राहिल्या. तोंडातली सुपारी काढून टाकली. हात वर करून बायकांना गप्प केलं. घसा खाकरला.

"जव्हार बोलतेय," चाची म्हणाल्या.

थांबल्या.

"विषय..." त्यांनी नवऱ्याचं नाव घेतलं. पूर्ण नाव, बापाच्या नावासकट. बसलेल्या बायकांतल्या एका म्हातारीनं चमकून वर पाहिलं. मी तिथं राहायला आल्यापासून ते नाव मी दारावरच्या पाटीवर वाचलं होतं, चाचींच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं.

थांबल्या.

"सकाळी. नमाजच्या नंतर. गेले."

एकेक शब्द मला स्वच्छ ऐकू आला. इतकं स्पष्ट बोलणं मी त्या बाईच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं, आणि तेव्हा मला ते अजिबात ऐकायचं नव्हतं. मी मान हलवली.

चाचींनी माझी हनुवटी धरून मान थांबवली. "मान नाय हलवायची," त्या म्हणाल्या. "परत म्हणा, बाई."

"चाचा," मी म्हणाले, आणि पुढे शब्द येईना. बाहेर माणसं खोळंबली होती. चाची थांबल्या. त्यांनी घाई केली नाही.

"चाचा गेले," मी म्हणाले.

त्यांनी नकारार्थी मान हलवली. "नाव घेऊन."

मी नाव घेतलं. पूर्ण, बापाच्या नावासकट. सकाळी, नमाजानंतर, गेले.

"पोचला," चाची म्हणाल्या, आणि माझा हात धरून रडायला लागल्या.